हाफ क्लच

हिरवा दिवा लागला. शेजारच्या लेनमधली बाईक सुटली. आणि माझी? माझी नुसती ओरडत राहिली!

अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळलेला, इंजिन जिवाच्या आकांताने किंचाळतंय, मागे निळा धूर... आणि गाडी मात्र पेन्शनच्या रांगेतल्या आजोबांसारखी पुढे सरकतेय. दुसरा गिअर टाकला, तेच. तिसरा टाकला, तेच. शेजारचा पोरगा ४०२ मीटर संपवून, ब्रेक मारून, हेल्मेट काढून पाणी प्यायला लागला असेल, तेव्हा मी निम्म्या धावपट्टीवर होते. मग तो वास आला. जळका, आंबट, घशात बसणारा. एकदा नाकात शिरला की जन्मभर ओळखू येतो, असा. क्लच गेला होता. त्या सीझनमधला तिसरा.

कडेला उभ्या असलेल्या पब्लिकमधून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, धक्का मारू का?" हेल्मेटची काच वर करायची माझी हिंमत झाली नाही.

तुम्ही म्हणाल, लेख लिहून पोट भरणाऱ्या पोरीला हे भलतं खूळ लागलं कुठून? सांगते. मास कॉमला असताना फोटो फीचरची असाइनमेंट होती. मित्रमैत्रिणी फॅशन शो नि फूड फेस्टिव्हल करत होते. मी लोणावळ्याच्या पुढे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' बघायला गेले. विमानाच्या पट्टीवर दोन लेन, समोर दिव्यांचं झाड आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळणं नाहीत, लॅप्स नाहीत, दुसरी संधी नाही. सगळा खेळ काही सेकंदांचा. महागड्या सुपरबाइक्स होत्याच, पण मी खिळून बघत बसले ते जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांकडे. पोरांनी घरच्या घरी तासलेल्या, सोललेल्या, हलक्या केलेल्या. त्यांचा तो टिपेचा आवाज! फोटो सगळे हलले, मार्क यथातथाच पडले, पण किडा मात्र चावला.

पहिला बरा चेक हातात आला तेव्हा लोक लॅपटॉप घेतात. मी सेकंडहँड आरएक्स १३५ घेतली. बॉस, प्रेम आंधळं असतं म्हणतात, ते उगाच नाही.

पण प्रेमाला खर्च असतो. एन्ट्री फी, टेम्पोचं भाडं, टायर, लेदर जॅकेट, ग्लोव्ह्ज आणि दर दुसऱ्या मीटनंतर क्लच प्लेट्सचा नवा सेट. फ्रीलान्सरचं बिल तीन महिन्यांनी पास होतं, क्लच मात्र एका सकाळीत जातो. त्यातून अजून एक भानगड होती. घरी, सांगलीला, यातलं काहीच माहीत नव्हतं. रेसिंगचं नव्हतंच, पण नोकरी सोडून आठ महिने झाले हेही नव्हतं. दर रविवारी फोनवर बाबा विचारायचे, "ऑफिस कसं आहे?" आणि मी म्हणायचे, "मस्त!" मस्तच तर होतं. फक्त माझं नव्हतं.

खरं सांगायचं तर दरवाजा पूर्ण बंदही नव्हता. जुन्या बॉसचं मेल येऊन पडलं होतं, 'परत यायचं असेल तर सांग.' दोन महिने मी त्याला ना हो म्हटलं होतं, ना नाही. 'कळवते' म्हणून ठेवलं होतं. असो.

तर गाडी टेम्पोत घालून थेट नाना पेठेत आणली. स्पेअर पार्ट्सच्या दुकानांच्या गर्दीत एका बोळात आमच्या मिस्त्रींचं गॅरेज आहे. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी गेल्या गेल्या सुरू केलं, "मामा, प्लेट्स बोगस निघाल्या. दुकानदाराने चुना लावला." मामांनी काही उत्तर दिलं नाही. गिअर ऑईल काढलं, उजव्या बाजूचं कव्हर उघडलं, स्प्रिंगांचे बोल्ट सोडले आणि एकेक प्लेट पेपरवर मांडत गेले. पोस्टमॉर्टेम करतात तसं.

"ताई, वाचा," ते म्हणाले.

मला कळेना, वाचायचं काय? मग त्यांनीच वाचून दाखवलं. खरखरीत अस्तराच्या फ्रिक्शन प्लेट्स काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. मधल्या स्टीलच्या प्लेट्सवर निळे-जांभळे डाग. स्टील असं निळं पडतं ते तापून तापून. एक स्टील प्लेट त्यांनी टेबलाच्या काचेवर ठेवली आणि बोटाने दाबली. टक, टक. वाकली होती. स्प्रिंगा नव्या स्प्रिंगेशेजारी उभ्या केल्या, तर आखूड भरल्या. शेवटी क्लच बास्केटच्या बोटांवर त्यांनी माझं नख फिरवलं. प्लेट्सच्या कानांनी आपटून आपटून तिथे खाचा पडल्या होत्या.

"प्लेट वाईट नाही," मामा म्हणाले. "हात वाईट आहे."

गप्प बसले. काय बोलणार?

आता थोडा फंडा. घाबरू नका, सोप्पा आहे. तुम्ही हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज संध्याकाळी जे करता ना, क्लच निम्मा दाबायचा, निम्मा सोडायचा, गाडी इंच-इंच सरकवायची, ते म्हणजे हाफ क्लच. क्लचच्या आत प्लेट्सची चळत असते. एक अस्तराची, एक स्टीलची, पुन्हा एक अस्तराची. अस्तराच्या प्लेट्स इंजिनाच्या बाजूने फिरतात, स्टीलच्या गिअरबॉक्सच्या बाजूने. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. क्लच पूर्ण सोडला की सगळ्या एक होऊन फिरतात, घर्षण नाही, झीज नाही. पूर्ण दाबला की सुट्ट्या होतात, तेव्हाही जवळपास काही नाही. झीज होते ती अधल्यामधल्या अवस्थेत, एक बाजू जोरात आणि दुसरी हळू फिरत असताना. इंजिन एका गतीला धरून तुम्ही थांबलेली गाडी हाफ क्लचवर उचललीत, तर दोन्ही बाजूंचा वेग जुळेपर्यंत इंजिनाने दिलेल्या ऊर्जेतली साधारण निम्मी गाडीला मिळते आणि निम्मी उष्णता होऊन प्लेट्समध्ये जाते. निम्मी!

ड्रॅगमध्ये हे अजून भयंकर. टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद वरच्या आरपीएमवरच जागी होते, खाली नुसता खोकला. म्हणजे सुटताना इंजिन वर ठेवावंच लागतं आणि फरकाचा सगळा भार क्लचवर येतो. त्यात मागचा टायर रस्त्याला घट्ट चिकटला तर तोही घसरून सूट देत नाही. कुणीतरी घसरायलाच हवं ना! मग प्लेट्स घसरतात.

हे सगळं ऐकत मी स्टुलावर बसले होते. हात काळे, तोंडावर तेलाचा पट्टा. आणि बोळाच्या तोंडाशी एक ओळखीची पांढरी टोपी दिसली.

बाबा!

डोळे दाखवायला पुण्याला आले होते. मला 'सरप्राइज' द्यायचं म्हणून थेट फ्लॅटवर गेले. रूममेटने भाबडेपणाने पत्ता देऊन टाकला, "ती ना, गॅरेजला असेल." मंगळवारी, भर दुपारी, सव्वा तीन वाजता.

बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली. सांगलीहून निघून कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. पावसात, धुक्यात, भरलेली गाडी. त्यांच्या बोलण्यात फुशारकी कधी नसते, एक गोष्ट सोडली तर. 'माझ्या गाडीचा क्लच डेपोत सगळ्यात उशिरा उघडायचे.' लहानपणी हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची आमच्या घरात चेष्टा व्हायची. आज त्यांच्यासमोर पेपरवर माझ्या जळक्या प्लेट्स मांडून ठेवल्या होत्या.

ते काही बोलले नाहीत. टोपी काढली, खाली वाकले, एक प्लेट उचलली. नाकाशी नेली. वास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हाफ क्लचवर चालवतेस."

"बाबा, ते... रेसिंग असतं. म्हणजे रस्त्यावर नाही हं, बंद पट्टीवर, हेल्मेट वगैरे सगळं..."

"ऑफिसला सुट्टी आहे?"

मामा एकदम उठून 'चहा सांगतो' म्हणून बाहेर गेले. शहाणा माणूस.

मी सांगून टाकलं. नोकरी सोडल्याचं, आठ महिन्यांचं, दर रविवारच्या 'मस्त'चं, जुन्या बॉसच्या मेलचं. सांगताना नजर खाली, त्या निळ्या पडलेल्या प्लेटवर. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसती प्लेट बोटांत फिरवत होते.

"नोकरी सोडलीस त्याचं नाही," बराच वेळाने म्हणाले. "पण मी चार लोकांना सांगत होतो गं, पोरगी अमुक ठिकाणी आहे म्हणून." मग थोडं थांबून, "एक तर क्लच दाबून न्यूट्रलला थांबावं, नाहीतर सोडून द्यावा आणि जावं. अधेमधे किती दिवस ठेवणार आहेस?"

ते गाडीबद्दल बोलत होते की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही. चहा आला. तिघांनी प्यायला.

बाबा पुण्यात चार दिवस राहिले. डोळ्यांचं काम एका सकाळीत झालं, उरलेले दिवस ते गॅरेजमध्ये. दोघा म्हाताऱ्यांचं असं जमलं की मला स्टूलसुद्धा मिळेना.

पहिला गुन्हा ऑईलचा. गिअरबॉक्समध्ये मी मित्राच्या कारचं उरलेलं ऑईल ओतलं होतं. महागडं, सिंथेटिक, म्हटलं चांगलंच असणार! कारसाठीच्या अनेक ऑईल्समध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनाला ती छान, पण आपला क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो आणि त्याचं पोट घर्षणावर भरतं. म्हणून ओल्या क्लचच्या बाईकसाठी बाटलीवर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' बघायचं. हे जपानी मानक आहे, 'एमए-२' म्हणजे जास्त पकड देणारं. 'एमबी' लिहिलेलं ऑईल कमी घर्षणाचं, स्कूटरसाठी ठीक, आपल्यासाठी नाही. आणि ड्रॅगला वापरता ना, मग कंपनीच्या किलोमीटरची वाट न बघता बदलायचं. घासलेल्या अस्तराचा चुरा त्याच ऑईलमध्ये फिरत असतो.

दुसरा गुन्हा केबलचा. क्लच 'लवकर पकडावा' म्हणून मी केबल ताणून ठेवली होती. लिव्हरला ढील शून्य. बाबांनी लिव्हर हलवून बघितली आणि कपाळाला हात लावला. ढील नसेल तर लिव्हर सोडल्यावरही केबल प्रेशर प्लेटला किंचित ओढून धरते. म्हणजे मला वाटायचं क्लच सोडलाय, आणि तो आत थोडा दाबलेलाच! लिव्हरच्या बुडाशी दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवली, संपला विषय. खर्च शून्य रुपये. तीन सेट जाळल्यावर कळलं.

तिसरं, गिअरिंग. पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान केलं. समजा १४ दातांच्या जागी १३, तर पहिला गिअर सात टक्क्यांनी आखूड होतो. इंजिन आणि चाक यांचा वेग लवकर जुळतो, क्लचला कमी वेळ घासावं लागतं. आणि गंमत म्हणजे उष्णता वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने घटते. सात टक्क्यांच्या फरकात चौदा टक्के उष्णता वाचते. शाळेतलं फिजिक्स असं नाना पेठेत भेटेल असं वाटलं नव्हतं.

स्प्रिंगा बदलल्या, थोड्या कडक घेतल्या. मी म्हटलं, सगळ्यात कडक घालू! मामा म्हणाले, "मग लिव्हर दाबताना बोटं भरून येतील आणि हळू सोडता येणार नाही. धक्क्याने सुटेल, पुढचं चाक वर." बास्केटच्या खाचा त्यांनी बारीक कानशीने घासून सरळ केल्या. खाचांमध्ये प्लेट्स अडकतात, एकसारख्या सुटत नाहीत आणि एकसारख्या पकडत नाहीत. नवीन फ्रिक्शन प्लेट्स रात्रभर ऑईलमध्ये भिजवल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच लाँचला चटका बसतो.

आणि मग हात. मित्राच्या वडिलांच्या गोडाऊनचं बंद आवार मिळालं. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत. माझी जुनी सवय अशी होती की सुटताना घाबरून क्लच पुन्हा थोडा दाबायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा दाबायचा. दोन बोटं लिव्हरवर कायमची. बाबांना ते कानाने कळायचं. "परत दाबलास!" लांबून आवाज.

शिकले ते एवढंच. दिव्यांची वाट बघताना गिअरमध्ये अर्धवट सोडून उभं राहायचं नाही. पूर्ण दाबायचा, आणि वेळ असेल तर न्यूट्रल. शेवटच्या क्षणी लिव्हर पकडीच्या बिंदूपर्यंत आणायची. हिरवा दिसला की एकाच हालचालीत, घाई न करता पण न थांबता सोडायची, आणि उजव्या हाताने त्याच मापात ताकद द्यायची. ड्रॅगमध्ये पहिल्या ६० फुटांची, म्हणजे सुमारे १८ मीटरची वेगळी वेळ मोजतात. तेवढ्या अंतरात क्लच सुटून मोकळा झालेला हवा आणि बोटं लिव्हरवरून उठलेली. वरचे गिअर टाकताना नुसती टिचकी. आणि सगळ्यात अवघड शिस्त म्हणजे दोन लाँच झाले की इंजिन बंद, दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. पूर्वी मी जोशात पंधरा-पंधरा लाँच लागोपाठ करायचे. पहिल्याची उष्णता निघून जायच्या आत दुसऱ्याची, तिच्यावर तिसऱ्याची. शर्यतीआधीच क्लच अर्धा शिजलेला असायचा.

मोठ्या खेळाडूंना हाच प्रश्न पडतो, फक्त त्यांच्याकडे उत्तर जास्त हुशार आहे. अमेरिकेतल्या ड्रॅगबाइक्सवर लॉक-अप क्लच असतो. त्यात छोटे वजनी हात असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि प्लेट्सना आणखी दाबतात. सुटताना मऊ, नंतर पोलादी मिठी! या मोटरसायकली पाव मैल सात सेकंदांच्या आत संपवतात. तिथल्या एनएचआरएच्या प्रो स्टॉक मोटरसायकल गटात २०००, २००१ आणि २००२ अशी सलग तीन वर्षं चॅम्पियन होती अँजेल सॅम्पी. पेशाने नर्स. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तिची नोकरी होती." यावर काय बोलणार सांगा!

जायच्या आदल्या रात्री बाबा झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. जुन्या बॉसचं मेल काढलं. चार ओळी लिहिल्या. 'आभार, पण नाही.' मग ज्यांच्याकडे बिलं अडकली होती त्या तिघांना सरळ भाषेत स्मरणपत्रं. हात थरथरत होता, लाँचच्या आधी थरथरतो तसाच. बरोबर केलं का चूक, ते अजून ठरायचंय. या महिन्यात भाडं वेळेवर गेलं, मागच्या महिन्यात रूममेटकडून घ्यावं लागलं. पण रविवारच्या फोनवर आता 'मस्त' नसतं. 'पैसे यायचेत' असतं, 'कंटाळा आलाय' असतं. बाबा ऐकून घेतात. आई मात्र अजून फुगलेली आहे.

पुढच्या मीटला बाबा आले नाहीत. "गर्दी सोसत नाही," म्हणाले. मला वाटतं, बघवणार नव्हतं.

पिवळे दिवे. लिव्हर पकडीच्या बिंदूवर. हिरवा! डावा हात सुटला. एकच हालचाल. पुढचं चाक हलकं झालं, मन म्हणालं 'दाब!', पण बोटं लिव्हरवर नव्हतीच. गाडी अशी खेचली गेली की मानेला कळलं. इंजिनाचा आवाज आणि वेग पहिल्यांदाच एकमेकांच्या बरोबर चढत होते. जिंकले का? छे! दुसऱ्या फेरीत एका सतरा वर्षं जुन्या गाडीने मला आरामात मागे टाकलं. पण त्या दिवशी मी सहा रन मारले. सहाही पूर्ण. वास नाही, धूर नाही, 'मॅडम, धक्का मारू का' नाही.

सोमवारी मामांनी क्लच उघडला. प्लेट्स पेपरवर मांडल्या. स्टीलवर निळा डाग नाही, अस्तर अजून खरखरीत. मी व्हर्नियर लावून एकेक प्लेट मोजली, वहीत लिहिली आणि फोन लावला.

"किती भरली?" हॅलोच्या आधी प्रश्न.

"नवी तीन होती. आता दोन पॉइंट नऊ सहा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. ते मनात हिशेब करत असणार, याच दराने किती मीट निघतील त्याचा.

"बरं," बाबा म्हणाले. "जेवलीस का?"